प्राथमिक शाळेतली मिस्सा, रोजची प्रार्थना आणि सेवाकार्य: नीट कसं बसवायचं?

शांतघंटा (धागाकर्ता)

सहा ते दहा वयाची मुलं, साधारण दोनशे-अडीचशे. महिन्यातून एकदा शाळेची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), रोज सकाळची प्रार्थना, आगमनकाळ (नाताळआधीचे आठवडे) आणि प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीचे आठवडे) सेवाकार्य, शिवाय पहिल्या कम्युनियनची, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याची तयारी. कॅथोलिक प्राथमिक शाळेत हे चारही असतंच, पण चारांचा एकमेकांशी संबंध असतो असं नाही. मिस्सेचा होतो कार्यक्रम, सेवाकार्याची होते वर्गावर्गातली स्पर्धा आणि प्रार्थना हजेरीआधीच्या पाढ्यासारखी उरकली जाते.

ज्यांनी हे काम जवळून पाहिलंय त्यांनी कृपया नेमकं लिहा: किती वेळ, कोण कुठे, काय बिघडतं, का बिघडतं. 'मुलांमध्ये श्रद्धा रुजवली पाहिजे' हे सगळ्यांना मान्यच आहे, ते धरून चालू.

---

तिसराबाक

सुरुवात वेळेपासून. या वयाला मिस्सा चाळीस मिनिटांच्या पुढे जाता कामा नये. ढोबळ वाटणी अशी: प्रवेश आणि प्रारंभिक विधी ५, शब्दविधी (बायबलमधली वाचनं) प्रवचनासह १२, अर्पण ४, ख्रिस्तयाग-प्रार्थना (भाकर-द्राक्षारस पवित्र करतानाची) ८, कम्युनियन ९, शेवट २. बहुतेक ठिकाणी घसरगुंडी दोन जागी होते: प्रवचन बारा मिनिटांचं होतं, आणि शेवटच्या आशीर्वादाआधी सूचना, सत्कार, आभार घुसतात. सूचना वर्गात द्या. सत्कार दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या जागी.

बसण्याची व्यवस्था त्याहून महत्त्वाची. सर्वांत लहानांना पुढे बसवायचं हे सगळ्यांना सुचतं, आणि त्यांना वेदी दिसते हे खरंच. पण मग कधी उठायचं, कधी बसायचं, कधी गुडघे टेकायचे, हे पाहून करायला त्यांच्यापुढे कोणीच उरत नाही. सगळी मान वळवून मागे पाहतात आणि चुळबुळ तिथून सुरू होते. उपाय साधा आहे. एक मोठं, एक लहान अशी जोडी लावा. जोडी वर्षभर तीच ठेवा. मोठ्याचं काम एवढंच की खूण करायची आणि गाण्याच्या वहीत बोट ठेवून दाखवायचं. दटावणं त्याच्याकडे नाही.

शिक्षकांनी बाकाच्या दोन्ही टोकांना बसावं. सगळे शिक्षक मागे भिंतीला टेकून उभे राहिले की मुलांना ती परीक्षेची देखरेख वाटते. आणि निघण्याआधी दहा मिनिटं स्वच्छतागृह, अख्ख्या वर्गाने. हे विसरलात तर प्रवचनाच्या ऐन मध्यावर रांग लागणार.

---

लालअक्षरं

वरच्यात थोडी भर. अनेकांना माहीत नसतं की मुलांच्या मिस्सेसाठी रोमने वेगळी मार्गदर्शिका काढलेली आहे, १ नोव्हेंबर १९७३ ची. ती पौगंडावस्थेच्या आधीच्या मुलांसाठी आहे, म्हणजे नेमकी प्राथमिक शाळेसाठी. तिच्यातलं कामाचं:

वाचनं जड असतील तर एकच किंवा दोन घेता येतात, पण शुभवर्तमान (येशूच्या जीवनाबद्दलचा बायबलचा भाग) गाळता येत नाही. वाचनाचं 'सोपं रूपांतर' करून ते वाचू नये. लहान उतारा निवडा, पण शब्द बायबलचेच ठेवा. प्रारंभिक विधीतला एखादा भाग गाळता येतो. मात्र काहीतरी प्रारंभ हवाच आणि त्याचा शेवट धर्मगुरूंच्या प्रारंभिक प्रार्थनेने व्हायला हवा. मुलांशी बोलणं फादरांना अवघड जात असेल तर त्यांच्या संमतीने हजर असलेल्या प्रौढांपैकी कोणी शुभवर्तमानानंतर बोलू शकतं. श्रद्धाप्रकटन (श्रद्धेची एकत्र म्हणायची कबुली) घ्यायचंच असेल तर प्रेषितांचा मतांगीकार चालतो, तो मुलांना धर्मशिक्षणात पाठ असतोच.

पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, मुलांच्या मिस्सेसाठी तीन ख्रिस्तयाग-प्रार्थना मंजूर झाल्या. दुसरीत मुलांच्या उद्घोषणा (मधेमधे सगळ्यांनी गायच्या ओळी) भरपूर आहेत, म्हणून ती सगळ्यांना आवडते आणि म्हणूनच ती सर्वांत जास्त फसते. उद्घोषणा आधी बसवल्या नसतील तर दर वेळी फादर थांबतात, एक शिक्षिका एकटीच गाते आणि प्रार्थनेचा धागा तुटतो. निदान आठवडाभर रोज प्रार्थनेनंतर दोन मिनिटं त्या गाऊन घ्या. या प्रार्थना जिथे बहुसंख्य मुलं आहेत तिथल्यासाठीच आहेत. पालकांनी भरलेल्या रविवारच्या मिस्सेत चार मुलं वाचताहेत एवढ्यावर त्या वापरायच्या नाहीत.

---

खडूडस्टर

वाचणाऱ्या मुलांबद्दल लिहिते, कारण तिथे मेहनत चुकीच्या गोष्टीवर होते. महिनाभर 'हावभावासह' वाचायला शिकवतात आणि माइक मात्र त्या दिवशी पहिल्यांदा दाखवतात.

१. उतारा शंभर शब्दांच्या आसपास. त्याहून मोठा असेल तर दोघांत वाटू नका, छोटा उतारा शोधा.

२. मोठ्या अक्षरात, १८ ते २० पॉइंट, एका ओळीत सहा-सात शब्द. ओळ अर्थ संपेल तिथे तोडायची, कागद संपेल तिथे नाही. मूल ओळीच्या शेवटी श्वास घेतंच, मग तो श्वास योग्य जागी पडू दे.

३. 'पहिले वाचन' ही अक्षरं आणि लाल छापलेल्या सूचना कागदावर ठेवूच नका. ठेवल्या तर मूल त्या वाचणार. त्यात त्याची चूक नाही.

४. वाचनपीठामागे भक्कम पाटा, साधारण १५-२० सेंटिमीटर उंच. डुगडुगणारं स्टूल नको. मुलाचा चेहरा पुस्तकाआड गेला की आवाजही आड जातो.

५. माइक तोंडापासून वीतभर आणि किंचित बाजूला. अगदी समोर धरला तर प, फ, भ चे फटके बसतात आणि बाकांवर खसखस पिकते.

६. प्रत्यक्ष जागी, प्रत्यक्ष माइकवर दोनदा सराव. चालत येणं, नमन, पोचल्यावर मनात तीन मोजणं, मग पहिला शब्द. परत जातानाही धावत नाही.

एक राखीव वाचक हवाच. ताप सांगून येत नाही.

आणि निवड. दर वेळी तीच चुणचुणीत चार मुलं उभी राहतात. वर्गाच्या यादीत खूण करत जा. अडखळणाऱ्या मुलाला विश्वासूंच्या प्रार्थनेतली एक ओळ द्या. एका ओळीचा सराव कोणाचाही होतो.

---

मेणवात

खडूडस्टर +१. विश्वासूंच्या प्रार्थनेबद्दल मात्र एक तक्रार आहे. मुलांना लिहायला सांगितलं की निम्म्या ओळी 'देवा, तू आम्हाला सुंदर शाळा दिलीस म्हणून धन्यवाद' अशा येतात. तो उपकारस्तुतीचा भाग झाला. इथे मागायचं असतं, आणि तेही दुसऱ्यांसाठी. क्रम ठरलेला आहे: ख्रिस्तसभेसाठी, राज्यकर्ते आणि जगासाठी, गरजवंतांसाठी, आपल्या समूहासाठी. चार ओळी, चार मुलं, पुरे. आजाऱ्यांसाठी प्रार्थना असेल तर पूर्ण नाव आणि आजार जाहीर करू नये. घरच्यांनी सांगितलं असेल तर फक्त पहिलं नाव.

---

अर्धीमेणबत्ती

अर्पणाच्या मिरवणुकीबद्दल कोणीतरी स्पष्ट लिहा. फुटबॉल, पाटी, संगणकाचा माऊस, नृत्याचे चाळ, 'आमच्या कलागुणांचं प्रतीक' म्हणून वेदीपाशी नेतात. हे बरोबर की चूक?

---

लालअक्षरं

माझ्या मते चूक, आणि कारण अगदी सरळ आहे. दिलेली वस्तू मिस्सेनंतर परत घेतली तर ती दिलीच नाही. फुटबॉल मधल्या सुट्टीत मैदानावर परत दिसतो. मूल त्यातून हेच शिकतं की देवाला दिलं म्हणजे जरा दाखवलं.

मिस्सेच्या सर्वसाधारण सूचनांत या जागी काय आणायचं ते दिलेलं आहे: भाकर, द्राक्षारस, आणि गरिबांसाठी किंवा चर्चसाठी पैसे वा इतर भेटी. या भेटी योग्य जागी ठेवायच्या, पण वेदीवर नाही. धागाकर्त्यांनी विचारलेला दुवा आहे तो हाच. सेवाकार्यात गोळा झालेल्या वस्तू इथे आणा. दहा खोकी आणायची गरज नाही. एका खोक्यात प्रत्येक वर्गाची एकेक वस्तू, ते दोघांनी उचलून आणायचं. बाकीची खोकी आधीच बाजूला, वेदीपासून दूर मांडलेली. मिस्सा संपली की तीच खोकी शाळेबाहेर पडतात, शक्यतो त्याच दिवशी.

क्रम: आधी खोकं, मग द्राक्षारस-पाणी, शेवटी होस्टचं (कम्युनियनच्या भाकरीच्या पातळ चकत्यांचं) पात्र. काचेची सुरई सात वर्षांच्या हातात देऊ नका. दिलीत तर झाकणाची, अर्धी भरलेली, आणि एका वेळी एकच वस्तू.

---

पायरीवरचा

थोडं कडक होतंय असं वाटतं. मुलं ठोस वस्तूंतून विचार करतात. शेतातलं कणीस, स्वतः काढलेलं चित्र, यात काय बिघडलं?

---

लालअक्षरं

@पायरीवरचा, चित्र काढून ते खरंच द्यायचं असेल, म्हणजे नंतर वृद्धाश्रमात एखाद्या आजोबांच्या भिंतीवर लागणार असेल, तर बेलाशक आणा. ठोस वस्तू नको असं नाहीच म्हटलं. परत न येणारी हवी. प्रतीकांचं प्रदर्शन करायचंच तर प्रवेश मिरवणुकीच्या आधी करा, किंवा वर्गात. तिथे कोणाची हरकत नाही.

---

गाठोडं

सेवाकार्याकडे वळतो. सर्वसाधारण पद्धत: 'आणा काहीतरी' अशी चिठ्ठी घरी जाते, आठवड्याने खोली भरते, त्यात अर्धं निरुपयोगी. जुने फाटके कपडे, मुदत संपलेले डबे, अर्धवट वापरलेल्या बाटल्या.

उलटा क्रम धरा. आधी ज्या संस्थेला द्यायचं तिला फोन करून विचारा: काय हवंय, किती हवंय, कधी हवंय, ठेवायला जागा किती. बऱ्याचदा उत्तर साबण, टूथपेस्ट, सॅनिटरी पॅड, वह्या असं येतं. मग प्रत्येक वर्गाला एकच वस्तू. पहिल्या वर्गाला साबण, दुसऱ्याला टूथपेस्ट, असं. वर्गीकरणाचं निम्मं काम वाचतं आणि मोठी मुलं मोजणी करू शकतात.

खाण्याच्या वस्तूंवरची अंतिम तारीख निदान तीन महिने पुढची. ती तपासायचं काम नऊ-दहा वर्षांची मुलं फार मन लावून करतात: तारीख शोधायची, मार्करने झाकणावर मोठी लिहायची, जवळची वर, लांबची खाली. काचेच्या बरण्या घेऊ नका. मुलांनी उचलायचं खोकं दोन-तीन किलोच्या वर नको. मोठं खोकं भरलं की ते मोठ्यांनीच उचलायचं.

आता सर्वांत महत्त्वाचं. ज्या कुटुंबांना ही मदत लागते त्यांची मुलं बहुधा त्याच वर्गात बसलेली असतात. म्हणून:

– वर्गात भिंतीवर तक्ता नाही, नावापुढे चांदण्या नाहीत.
– कोणत्या वर्गाने किती आणलं याची घोषणा नाही.
– खोकं बाईंच्या टेबलाजवळ ठेवायचं नाही. येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवा. कोणी टाकलं, कोणी नाही टाकलं, कळता कामा नये.
– वस्तू आणली नाही म्हणून विचारणा नाही. मोजणीला, बांधणीला, चिठ्ठ्या लिहायला सगळ्यांना सारखं काम. ज्याच्या घरून काही आलं नाही, त्याचाही हात लागलेला असतो.

उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये हे बायबलमध्ये मत्तयच्या सहाव्या अध्यायात आहेच. तोच उतारा राखेच्या बुधवारी, प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवशी, वाचतात, आणि दुसऱ्याच दिवशी वर्गावर्गातली चुरस लावतात. याला काय म्हणावं!

---

जमाखर्च

पैशाचे डबे असतील तर दोन ओळी. मोजायला नेहमी दोन प्रौढ, एकमेकांचे नातलग नसलेले. उघडायचं दोघांसमोर, आकडा वहीत, दोघांच्या सह्या, रक्कम त्याच दिवशी कार्यालयात. मुलाच्या दप्तरातून रोख शाळेत फिरू देऊ नका. आणि डब्यात काय जमणार हे आधी सांगा. 'त्यागाचे पैसे' म्हणून आईबाबांकडून मागून आणलेली नोट टाकली तर त्यात मुलाचा त्याग कुठला?

याच ओघात. उपवासाबद्दल मुलांवर दडपण आणणारे कमी नाहीत. कॅनन १२५२ (चर्चच्या कायद्याचं कलम) नुसार मांसाहारवर्जनाचं बंधन चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर लागतं, उपवासाचं सज्ञान झाल्यावर, म्हणजे अठरानंतर, आणि साठावं वर्ष लागलं की ते संपतं. प्राथमिक शाळेतल्या एकाही मुलावर यातलं कुठलंच बंधन नाही. पण त्याच कलमात पालकांनी आणि धर्मगुरूंनी लहानांना प्रायश्चित्ताचा खरा अर्थ शिकवावा असंही म्हटलंय. म्हणजे मुलाचा डबा कमी करायचा नाही, त्याच्या आवाक्यातलं काहीतरी सुचवायचं. एकट्या पडलेल्याला खेळायला घेणं. घरचं एक काम न सांगता करणं.

---

ओसरी

वृद्धाश्रमाच्या भेटींबद्दल. अख्खा वर्ग नेऊ नका. तीसजण दारात उभं राहून गाणं म्हणतात, टाळ्या पडतात, परत येतात. कोणाचं कोणाशी बोलणं होत नाही. सहा ते आठ मुलं, दोन प्रौढ, वीस-पंचवीस मिनिटं. जाण्याआधी वर्गात तीन प्रश्न ठरवून घ्यायचे: 'तुम्ही लहानपणी काय खेळायचात?' हा कधीच वाया जात नाही. डोळ्यांच्या उंचीवर बसायचं, सावकाश बोलायचं, उत्तर आलं नाही तर पुन्हा एकदाच विचारायचं. सर्दी-खोकला असलेलं मूल त्या दिवशी जात नाही, त्याला कार्ड करायला द्या. कार्डावर मोठी अक्षरं, मुलाचं फक्त पहिलं नाव. 'लवकर बरे व्हा' लिहू नये, म्हातारपण हा आजार नाही.

फोटो नाहीत. संस्थेने परवानगी दिली तरी ज्यांचा फोटो निघतो त्यांची परवानगी वेगळी असते, आणि अनेकांना ती देता येण्याची स्थिती नसते.

एकदाच जाऊन थांबू नका. त्याच माणसांकडे तीच मुलं दुसऱ्यांदा गेली की पहिल्या भेटीचा अर्थ लागतो.

---

शांतघंटा

फार उपयोगी. शाळेत इतर धर्मांची आणि इतर ख्रिस्ती पंथांची मुलंही असतात. त्यांचं मिस्सेत काय करायचं?

---

तिसराबाक

आधी पालकांना प्रवेशाच्या वेळीच लेखी कळवा की शाळेत मिस्सा, प्रार्थना, सण कसे होतात. नंतर वाद निघतात ते बहुतेक वेळी आधी सांगितलेलं नसतं म्हणून. श्रद्धेत सक्ती चालत नाही, कॅनन ७४८ त्याबद्दल स्पष्ट आहे. पालकांनी नको म्हटलं तर मुलासाठी दुसरी खोली, एक शिक्षक आणि खरंखुरं काम हवं. कोपऱ्यात एकटं बसवणं ही शिक्षा झाली.

जी मुलं येतात ती गाऊ शकतात, सजावट करतात, फलक धरतात, सेवाकार्यात तर बरोबरीने असतातच. वाचन मात्र कॅथोलिक मुलाकडेच असावं. इतर ख्रिस्ती पंथातल्या व्यक्तीला वाचू द्यायचं तर अपवादात्मक प्रसंगी आणि बिशपांच्या परवानगीने, असा नियम आहे. कम्युनियनच्या वेळी बाकावर बसून राहणं हा पर्याय सन्मानाचा वाटला पाहिजे. काही ठिकाणी हात छातीवर दुमडून आशीर्वादाला पुढे येतात. ही पद्धत मिस्सेच्या विधीत लिहिलेली नाही, म्हणून आधी फादरांशी ठरवा. ठरवलं नाही आणि मूल तसं पुढे आलं तर रांगेत सगळ्यांसमोर घोळ होतो.

---

खडूडस्टर

कम्युनियनचं गणित. एक सेवक मुलांना मिनिटाला साधारण दहा होस्ट देतो. दीडशे मुलं असतील तर एकाला पंधरा मिनिटं, दोघांना साडेसात. म्हणून दोन रांगा. आदल्या दिवशी प्रत्येक वर्गशिक्षकाकडून पहिलं कम्युनियन झालेल्यांचा आकडा घ्या आणि साक्रिस्तीत (चर्चमधली तयारीची खोली) चिठ्ठी ठेवा. अंदाजपंचे केलं तर होस्ट मोडून वाटावे लागतात.

पहिल्या कम्युनियनच्या तयारीत पवित्र न केलेल्या होस्टवर एकदा सराव घ्याच. मुलांना चव माहीत नसते. कोरड्या तोंडात तो टाळूला चिकटतो, मूल घाबरून बोटाने काढायला जातं. आधी अनुभव असला की जीभ फिरवून थांबतं. डावा तळहात वर, उजवा त्याखाली (डावखुऱ्यांचं उलट), 'आमेन', बाजूला एक पाऊल, तिथेच खायचं, मग वळायचं. खिशात किंवा हातात घेऊन जागेवर जाणारं मूल दर वर्षी एखादं निघतं, म्हणून सेवकाच्या दोन पावलं पुढे एक शिक्षिका उभी असावी. ओरडायचं नाही, हळूच 'इथेच खा' म्हणायचं.

एक तासाचा उपवास (पाणी आणि औषध चालतं) मधल्या सुट्टीशी टक्कर घेतो. तास मिस्सेच्या सुरुवातीपासून मोजत नाहीत, कम्युनियनपासून मोजतात. तरी खाणं आटोपून किमान अर्धा-पाऊण तासाने मिस्सा सुरू होईल असं वेळापत्रक लावा.

---

मेणवात

सीलिअॅक (गव्हातलं ग्लुटेन न चालण्याचा आजार) असलेलं मूल असेल तर महिनाभर आधी हालचाल करा. पूर्ण ग्लुटेनमुक्त होस्ट वैध नाहीत. कमी ग्लुटेनचे, गव्हाचेच, वैध आहेत. ते वेगळे मागवावे लागतात. वेगळ्या झाकणाच्या छोट्या पात्रात, नावाची चिठ्ठी लावून, वेदीवर मुख्य पात्रापासून दूर ठेवायचे. ज्या बोटांनी साधे होस्ट वाटले त्याच बोटांनी हा उचलला तर सगळं मुसळ केरात. म्हणून त्या मुलाला सर्वांत आधी द्या, किंवा पात्रच पुढे करा आणि मुलाला स्वतः उचलू द्या, जसं फादर ठरवतील तसं. कमी ग्लुटेनही झेपत नसेल तर फक्त द्राक्षारसाच्या रूपात कम्युनियन घेता येतं, पण त्यासाठी वेगळा चषक हवा, कारण मुख्य चषकात होस्टचा तुकडा टाकलेला असतो. पालकांनी डॉक्टरांना विचारून आधी सांगावं. त्या दिवशी सकाळी साक्रिस्तीच्या दारात चर्चा नको.

---

ओसरी

पहिल्या कन्फेशनच्या (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली) व्यवस्थेबद्दल कोणी बोललं नाही. पहिल्या कम्युनियनच्या आधी ते व्हायला हवं (कॅनन ९१४). वय साधारण सात, ही रेघ पोप दहावे पायस यांनी ८ ऑगस्ट १९१० ला आखली, त्याआधी मुलांना बरंच थांबावं लागत असे.

साठ मुलं, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे एका फादरांना तीन तास. मुलं तोवर वेडी होतात. तीन धर्मगुरू मागवा, तासाभरात होतं. जागा अशी की दिसावं पण ऐकू येऊ नये: मोठ्या सभागृहाची तीन टोकं, किंवा काचेच्या दाराची खोली. आपला नंबर येईपर्यंतच्या रांगेत काम द्या, क्रुसाच्या वाटेची चित्रं रंगवणं किंवा हलकं संगीत. रांग कन्फेशनच्या जागेपासून निदान पाच-सहा मीटर लांब.

पापांची यादी कागदावर लिहून आणायला सांगण्याची खोड मोडायला हवी. कागद हरवतो, दुसऱ्याला सापडतो. लिहिलाच असेल तर आत जाताना मुलाच्याच हातात राहावा आणि बाहेर आल्यावर त्यानेच फाडावा. बाहेर आलेल्याला 'काय सांगितलंस?' हे कोणीही विचारायचं नाही, आईनेसुद्धा. हे पालकसभेत बोलूनच ठेवा.

---

लालअक्षरं

आणि साक्रिस्तीत एक प्रौढ, एक मूल अशी वेळ येऊ देऊ नका. वेदीसेवक झगे घालतात तेव्हा दार उघडं, दोन प्रौढ हजर.

---

मेणवात

मेणबत्त्या. आगमनकाळाचं वर्तुळ चार मेणबत्त्यांचं, तीन जांभळ्या, एक गुलाबी, ती तिसऱ्या रविवारच्या आठवड्यात. हिरवी पानं चार आठवडे टिकत नाहीत, दुसऱ्या आठवड्यानंतर ती सरपण होतात. पानं दर आठवड्याला बदला किंवा कापडाची लावा. वर्गात बॅटरीची मेणबत्ती पुरे, खरी ज्योत चर्चमध्ये. मिरवणुकीत मुलांच्या हाती पेटती मेणबत्ती द्यायची तर पुठ्ठ्याची चकती, मोकळे केस बांधलेले, दोन मुलांत हातभर अंतर. आणि पेटलेली मेणबत्ती तिरकी करायची नाही. न पेटलेली तिरकी करून पेटत्यावर धरायची. मेण सांडतं ते हेच उलटं केल्याने.

---

पायरीवरचा

रोजच्या प्रार्थनेवर येऊ द्या ना कोणी.

---

खडूडस्टर

सकाळी दोन-तीन मिनिटं. क्रुसाची खूण (सावकाश, कपाळापासून खांद्यापर्यंत पोचणारी. माशी हाकलल्यासारखी नको), शुभवर्तमानातलं एक वाक्य, दहा सेकंद शांतता, ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची दोन-तीन नावं, 'हे आमच्या स्वर्गातील बापा'. वाक्य आठवडाभर तेच. रोज नवं दिलं तर एकही राहत नाही.

वर्गातलं प्रार्थनेचं टेबल: क्रूस, उघडं बायबल, चालू उपासनाकाळाच्या रंगाचं कापड. जांभळा, पांढरा, हिरवा, लाल असे चार तुकडे एकदाच शिवून घ्या. बदलायची जबाबदारी आठवड्याच्या दोन मुलांकडे. प्रायश्चित्तकाळ सुरू होताना 'आलेलुया'चा फलक डब्यात बंद करायचा, ईस्टरनंतर काढायचा. मधल्या काळात मिस्सेत आलेलुया गात नाहीत, ग्लोरिया हे गौरवगीतही नाही (एखाद्या मोठ्या सणाचा दिवस सोडून), हे मुलांना मग सांगावं लागत नाही.

रोझरी (जपमाळेची प्रार्थना) या वयाला एका वेळी एकच दशक, म्हणजे दहा मणी. पाच म्हणून घेतले तर तिसऱ्यापासून मणी मोजण्याची शर्यत लागते.

---

शांतघंटा

शेवटचं एक. राखेच्या बुधवारची राख शाळेत मुलांसमोर करायची आहे, मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी मिळालेल्या झावळ्यांची. कशी करावी?

---

मेणवात

झावळ्या घरोघरी क्रुसामागे खोचलेल्या असतात, त्या आधीच्या आठवड्यात मागवा. पूर्ण वाळलेल्या हव्यात, हिरवट राहिल्या तर नुसता धूर होतो. कात्रीने बोटाएवढे तुकडे करणं मुलांचं काम. जाळणं प्रौढाचं, उघड्यावर, जाड बुडाच्या धातूच्या भांड्यात, वारा नसताना, पाण्याची बादली शेजारी, मुलं तीन-चार मीटरवर. आच बसल्यावर तुकडे काळे होतात पण राख होत नाही, म्हणून पळीने उलथून पुन्हा पेटवा. पूर्ण थंड झाल्यावर खलबत्त्यात कुटून बारीक चाळणीतून दोनदा गाळा. भांडंभर झावळ्यांतून मूठभरही निघत नाही, त्यामुळे भरपूर गोळा करा.

पाणी घालून लगदा करून ठेवू नका. राखेत पाणी मिसळलं की ते क्षारयुक्त होतं आणि कपाळाची कातडी जळू शकते, लहानांची तर लवकरच. आशीर्वादाच्या वेळी शिंपडलेले थेंब ठीक आहेत. चिकटायला हवी असेल तर दोन-तीन थेंब खाण्याचं तेल. एक्झिमा असलेल्या मुलांची नावं आधी घ्या. त्यांच्या डोक्यावर, केसांत कोरडी चिमूट टाकायची, ती पद्धतही जुनीच आहे. डोळ्यांत जाऊ नये म्हणून मुलांना त्या क्षणी मान किंचित खाली घालायला शिकवा, वर बघायला नाही.